विटेवर वीट

आपल्याकडे बर्फ म्हटला की डोळ्यांसमोर येते ती लाकडाच्या भुशात झाकलेली लादी, नाही तर शाळेबाहेरच्या गाडीवरचा लालभडक गोळा. अशा बर्फावरून माणसे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येतात आणि वर त्याची शर्यत लावतात, हे ऐकले की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, "कशाला हो हा उपद्व्याप?" ऑस्ट्रियातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आल्प्स पर्वताच्या कुशीतल्या त्या देशात मूल नीट चालू लागले की थोड्याच दिवसांत त्याच्या पायांना स्की, म्हणजे पुढे टोक वळवलेल्या लांब पट्ट्या, बांधल्या जातात. आपल्या गल्लीतल्या पोराच्या हाती बॅट यावी, तसेच ते. अशाच एका मुलाची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहे. त्याचे नाव हेर्मान मायर.

हेर्मानचा जन्म ७ डिसेंबर १९७२ चा. साल्झबुर्ग प्रांतातल्या फ्लाखाऊ या डोंगरी गावात तो वाढला. आईवडील स्कीची शाळा चालवीत. तेव्हा घरातच विद्या होती, आवड होती, उतार तर दाराशीच होता. मुलगा श्लाडमिंग येथील स्कीच्या नामांकित विद्यालयात दाखल झाला. पण पंधराव्या वर्षीच त्याला घरी परत यावे लागले. अंगाने किरकोळ, त्यात वाढीच्या वयातले गुडघ्यांचे दुखणे. हे शरीर शर्यतीचा ताण सोसणार नाही, असे जाणकारांचे मत पडले.

आता मंडळी, या जाणकारांना लगेच दोष देऊ नये. त्यांच्यापुढे जो मुलगा उभा होता, तो खरोखरच दुबळा होता. आम्ही मास्तर लोकही वर्गात हेच करतो. समोर जे दिसते त्यावर शेरा मारतो. चूक होते ती पुढे. आजचा शेरा हा जन्माचा निकाल आहे असे आम्ही धरून चालतो, आणि विद्यार्थीही तसेच धरून चालतो.

हेर्मान घरी आला आणि गवंडीकाम शिकला. उन्हाळ्यात तो विटा रचायचा, चुना-सिमेंट कालवायचा. हिवाळ्यात आईवडिलांच्या शाळेत शिकाऊ लोकांना स्की शिकवायचा. त्यातून वेळ काढून स्थानिक शर्यतींत उतरायचा. अशी थोडीथोडकी नव्हे, सात-आठ वर्षे गेली. या वर्षांत त्याच्यावर कोणी लेख लिहिला नाही. ऑस्ट्रियात चांगल्या खेळाडूंची वाण नव्हती. राष्ट्रीय संघाचे दार एका गवंड्यासाठी कोण उघडणार? मात्र ओझी वाहून वाहून त्या किरकोळ पोराचे अंग भरले, मांड्या-खांदे दणकट झाले.

जानेवारी १९९६ मध्ये फ्लाखाऊलाच जागतिक करंडकाची शर्यत होती. अशा शर्यतीआधी मार्ग ठीक आहे ना हे पाहण्यासाठी काही जण त्यावरून उतरून दाखवतात. ते स्पर्धक नसतात, त्यांना बक्षीस नसते. गावचा म्हणून हेर्मानला हे काम मिळाले. त्याची वेळ पाहिली, तर ती खऱ्या स्पर्धकांत बारावा क्रमांक मिळवण्याजोगी होती! मग मात्र दार उघडले. पुढच्याच महिन्यात तो जागतिक करंडकात उतरला, १९९७ मध्ये त्याने तिथे पहिली शर्यत जिंकली आणि १९९८ मध्ये तो एकूण गुणांत जगात पहिला आला.

त्याच १९९८ च्या फेब्रुवारीत जपानमधील नागानोच्या ऑलिंपिकमध्ये एक प्रसंग घडला. तीव्र उताराच्या शर्यतीत एका वळणावर त्याचा तोल गेला. तो हवेत फेकला गेला, डोक्यावर आदळला आणि संरक्षक जाळ्या तोडून पलीकडे जाऊन पडला. पाहणाऱ्यांना वाटले, संपले! तो उठला. तीन दिवसांनी त्याने एका शर्यतीत सुवर्णपदक मिळवले, आणखी तीन दिवसांनी दुसऱ्या शर्यतीत दुसरे. १९९९–२००० च्या हंगामात त्याने २००० गुण मिळवले. पुरुषांतला हा विक्रम पुढे २०२३ साली स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने मोडला.

लोकांना नागानोची ती कोलांटी आठवते. साहजिकच आहे, ती डोळ्यांना दिसली. पण माझ्या मते त्याची खरी परीक्षा पुढेच होती.

२४ ऑगस्ट २००१. हेर्मान मोटारसायकलवरून घरी येत होता. राडश्टाटजवळ एका मोटारीशी टक्कर झाली आणि उजव्या पायाची नडगी इतकी चिरडली की पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली. साल्झबुर्गच्या शल्यविशारदांनी कित्येक तास खपून तो पाय वाचवला, हाडात टायटॅनियमची कांब बसवली. स्कीचा बूट कसा असतो ठाऊक आहे? कडक, आणि नडगीला आवळून धरणारा. वळण घेताना शरीराचा सगळा जोर त्या नडगीवरून बुटावर आणि बुटावरून पट्टीच्या धारेवर जातो. म्हणजे ज्या जागेवर या खेळाची सारी भिस्त, नेमकी तीच जागा मोडली होती.

२००२ चे ऑलिंपिक त्याच्याविना पार पडले. जगात पहिला असलेला माणूस पाऊल कसे टाकावे इथपासून शिकू लागला. आधी कुबड्या, मग सायकलचा व्यायाम, मग सोपे उतार. जानेवारी २००३ मध्ये तो आडेलबोडेनला पुन्हा शर्यतीत उतरला, तर पहिल्या तिसांतही आला नाही. त्यामुळे दुसरी फेरीच मिळाली नाही. जुन्या राजाला उंबरठ्यावरूनच परत फिरावे लागले! पण दोन आठवड्यांच्या आत, २७ जानेवारीला, किट्झब्युएल येथे त्याने शर्यत जिंकली. २००४ साली तो चौथ्यांदा एकूण गुणांत पहिला आला, आणि २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये त्याला एक रौप्य व एक कांस्य मिळाले. २००९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर जागतिक करंडकाच्या ५४ शर्यती होत्या.

हे त्याला कसे साधले? जिद्द म्हटली की आपण ठिणगी, ज्वाला, वीज असले शब्द वापरतो. हेर्मानची हकीकत वाचताना मला आठवतो तो गवंड्याचा ओळंबा. गवंड्याला भिंत एका दिवसात उभी करता येत नाही. वीट ठेवायची, ओळंब्यात आहे का पाहायचे, मग पुढची वीट. काम बिघडले तर थर उतरवून पुन्हा रचायचा. पंधराव्या वर्षी नाकारले गेल्यानंतर हे त्याच्या अंगवळणी पडले होते. अठ्ठाविसाव्या वर्षी पाय मोडला तेव्हा तळापासून सुरुवात करणे त्याला नवे नव्हते. पहिल्या अपयशाने दुसऱ्याची तयारी करून घेतली होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चिकाटी धरली की यश मिळतेच, असा सौदा निसर्गाने कोणाशी केलेला नाही. त्याच देशाची उलरिके मायर ही जगज्जेती खेळाडू १९९४ साली शर्यतीतच पडून मरण पावली. तिच्यात काय जिद्द कमी होती? हेर्मानला निष्णात शल्यविशारद लाभले, नशीबही लाभले. मिळालेली संधी वाया जाऊ न देणे, एवढेच त्याच्या हातात होते, आणि तेवढे त्याने केले.

दर वर्षी निकालाच्या दिवशी फळ्यावरच्या यादीत आपला क्रमांक न सापडलेली मुले कोपऱ्यात उभी असतात. "तू नक्की मोठा होशील" असे खोटे आश्वासन त्यांना कोणी देऊ नये. पण "तू इतकाच" हा निकालही कोणी लावू नये, मास्तराने नाही, बापाने नाही, आणि मुलाने स्वतःही नाही. उद्या सकाळी कोणती वीट ठेवायची, एवढे त्याला विचारावे; आणि ती ठेवताना जमल्यास शेजारी उभे राहावे.