भिंतीचा रंग : उजळ की गडद?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भिंतीच्या रंगावर भाषण ते काय करायचे, असे आपल्यापैकी कोणाला वाटेल. मलाही वाटले असते. पण गेल्या दिवाळीआधी घरात रंगकाम निघाले आणि माझे डोळे उघडले.

आमची मधली खोली एका खिडकीची. मुलांचे म्हणणे पडले की हल्ली गडद राखी रंगाची पद्धत आहे, शिवाय त्यावर हाताचे डाग दिसत नाहीत. मला ते पटले. रंग झाला, चारचौघींनी वाखाणला. पण आठ दिवसांतच सासूबाई तांदळाचे सूप घेऊन गॅलरीत बसू लागल्या. विचारले तर म्हणाल्या, "अगं, आत खडा दिसत नाही. मला वाटलं, माझेच डोळे गेले." मी चरकलेच.

याचा हिशेब घरखर्चासारखा सोपा आहे. खिडकीतून आलेला उजेड भिंतीवरून परतून खोलीभर पसरतो. चांगली पांढरी भिंत १०० भागांतले सुमारे ८० भाग परत देते. गडद राखी भिंत जेमतेम २०. दोन भिंतींवरून फिरून आल्यावर पहिल्या खोलीत ६४ भाग उरतात, दुसरीत अवघे ४! त्यातून साठीच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. मग भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि त्याचे बिल आपणच भरतो.

म्हणून सारे घर पांढरेफेक करावे, असे मात्र नाही. पश्चिमेचे ऊन थेट आत येते तिथे पांढरी भिंत डोळ्यांवर येते; तिथे बदामी किंवा मातकट रंग बरा. कोकणातल्या जुन्या घरांत वर चुन्याची सफेदी आणि खाली गेरूचा पट्टा असे. पाण्याचे शिंतोडे, केरसुणीचे डाग पट्ट्यात लपत आणि वर उजेड राही. दाराची चौकट आणि विजेची बटणेही भिंतीहून वेगळ्या रंगाची असावीत. कमी दिसणाऱ्या माणसाला ती चटकन सापडतात.

दुकानातल्या कार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून रंग ठरवू नये. लहानसा डबा आणावा. खिडकीसमोर एक आणि अंधाऱ्या कोपऱ्यात एक असे हातभर चौकोन रंगवावेत. ते पुरते वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहावेत. पिवळ्या दिव्याखाली बदामी अधिकच पिवळा दिसतो आणि पांढऱ्या दिव्याखाली राखी निळसर वाटतो. शंका असेल तर आधी उजळ रंगच द्यावा. उजळावर गडद सहज चढतो. गडदावर उजळ चढवायला आम्हांला एक हात जास्त द्यावा लागला आणि मजुरीही वाढली.

आता आमच्याकडे खाली हातभर राखी पट्टा राहिला आहे, वर मोतिया रंग आहे आणि छत पांढरे. सासूबाईंचे सूप पुन्हा आत आले आहे.

भगिनींनो, रंग निवडताना पाहुणे काय म्हणतील हे जरूर पाहा. पण त्याआधी घरात सर्वांत मंद नजर कोणाची आहे, ते पाहा.