पोरं निजण्याआधीचं जेवण



डिसेंबरात आपल्या जुन्नर-आंबेगावकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्याच दिवसांत कांद्याची लागण चालू असते. हातातली रोपं संपल्याशिवाय वाफ्यातून उठता येत नाही. बाई घरी येते, जनावरांचं पाहते, मग स्वयंपाकाला लागते. पहिली भाकरी तव्यावर पडते तेव्हा धाकटं पोर गोधडीत शिरून झोपलेलं असतं. पुढचं सांगायला नको. झोपेतच दोन घास भरवायचे, नाहीतर आधी चहात बुडवून दिलेल्या बिस्किटांवर रात्र काढायची.

मी शाळेत शिकवीत होते तेव्हा दुसरीतली एक मुलगी अकराच्या सुमाराला पाटीवर डोकं टेकून पेंगायची. मी तिला दोनदा रागावले. पुढे तिच्या आईशी बोलणं झालं तेव्हा कळलं, की लागणीच्या त्या पंधरवड्यात पोर बऱ्याच रात्री न जेवताच झोपत होती. त्या रागावण्याची मला अजून लाज वाटते. घरात धान्य होतं, आई कष्टाळू होती. पोर जागं असताना जेवण तयार होत नव्हतं, एवढंच. म्हणून थंडीत काय रांधावं हे सांगताना मी आधी वेळेचा विचार करते.

अशा संध्याकाळी हुलग्याची शेंगोळी कामाला येतात. एका पातेल्यात सगळं होतं आणि भाकऱ्या थापत बसावं लागत नाही. सकाळीच दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी गव्हाचं पीठ, जिरं, ओवा, हळद, मीठ मिसळून डबा झाकून ठेवा. संध्याकाळी आल्याबरोबर आधण ठेवा. पिठात ठेचलेला लसूण आणि पाणी घालून घट्ट मळा आणि गोळा पोरांच्या हातात द्या. बिबट्याच्या भीतीनं हल्ली पोरं तिन्हीसांजेलाच घरात येतात. ती वेटोळी वळत बसली की झोपत नाहीत! वाकडीतिकडी झाली तरी शिजतात सारखीच. लसणाची फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात ती सोडा, थोडं पीठ पाण्यात कालवून वर लावा, की अर्ध्या-पाऊण तासात दाट रस्सा तयार.

तिखट मात्र पातेल्यात घालू नका. सपक शेंगोळी कोण खाणार, असं घरातली मोठी माणसं म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. रात्री पाणी भरायला जाणाऱ्याला झणझणीतच हवं. त्यांच्यासाठी पळीत तेल तापवून लाल तिखट नि लसणाची फोडणी करा आणि ती त्यांच्या ताटात वरून ओता. पोरांची ताटली त्याआधी वाढा. वर्ष-दोन वर्षांच्या लेकराला शेंगोळं रश्शात कुस्करून, चमचाभर तूप किंवा तेल घालून द्या. लेकराचं पोट केवढंसं असतं! नुसत्या पाणचट रश्शानं ते भरतं आणि अंगाला काही लागत नाही. वर लिंबू पिळलंत तर हुलग्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबरचा चहा याच्या उलट करतो, म्हणून तो तरी पोरांना नको.

मासवडीचं नाव काढलं नाही म्हणून ओतूर-नारायणगावची मंडळी रागावतील. पण मासवडी निवांत दिवशीची. लागणीच्या दिवसांत ती कोण करील?

वर आहुपे-भीमाशंकरकडे, नाणेघाटाच्या बाजूला भात, नाचणी आणि वरई. तिथल्या आयांनी नाचणीला मोड आणावेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे शिक्षकांना ठाऊक असेल. मोडाचा गुण मात्र थोड्यांना ठाऊक असतो. साध्या पिठाची पेज लगेच घट्ट होते, म्हणून आपण पीठ कमी आणि पाणी जास्त घालतो. मोड आले की दाण्यातलं पिष्ट फुटू लागतं. मग जास्त पीठ घातलं तरी पेज पातळच राहते आणि तेवढ्याच वाटीत लेकराच्या पोटात अधिक अन्न जातं. थंडीत मोड उशिरा येतात, तेव्हा फडक्यात बांधलेली नाचणी चुलीजवळ ठेवा. वाळवून अगदी हलकी भाजा. करपली तर हा गुण जातो.

बाजरीचं पीठ एकदम फार दळून आणू नका. त्यात तेलाचा अंश असल्यानं आठ-दहा दिवसांत ते कडवट लागतं आणि पोरं भाकरी टाकतात. दोष बाजरीचा नसतो, शिळ्या पिठाचा असतो.

भोगीची मिसळीची भाजी आपण संक्रांतीच्या आदल्या दिवशीच का करतो, हे मला कधी कळलं नाही. हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, गाजर, वांगी, तीळ सगळं पौषभर मिळतं. लहानग्यांसाठी तिच्यात दाण्याचा कूट घाला. अख्खा दाणा घशात अडकतो.

गुरुजींना आणि बाईंना एवढंच सांगते, की वर्गात पोर पेंगलं तर रागावण्याआधी 'रात्री जेवलास का?' असं त्याला जवळ घेऊन, दुसऱ्या पोरांना ऐकू न जाईल असं विचारा.

आणि हो, शेंगोळी उरली तर झाकून ठेवा. सकाळपर्यंत रस्सा आणखी दाट होतो. थोडं पाणी घालून खळखळून उकळी आणा आणि पोरांना न्याहारीला वाढा. आमच्या घरी रात्रीच्यापेक्षा सकाळच्या शेंगोळ्यांवरून जास्त भांडणं होत.