गटाच्या हिशोबाची दुसरी प्रत

आज आपण गटाच्या संगणकाबद्दल बोलणार आहोत. संगणक म्हटल्यावर रेडिओ बंद करू नका, कारण विषय आपल्या पैशांचा आहे. ग्रामसंघाची लिपिका किंवा हिशोब लिहिणारी ताई जवळपास असेल तर तिला हाक मारा, आणि कागद-पेन घेऊन बसा. सावकाश सांगतो.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच गटांचे आणि ग्रामसंघांचे हिशोब वहीतून संगणकात गेले. बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचं कर्ज, हप्ते, व्याज, दंड, सगळं एक्सेलच्या तक्त्यात बसलं. बेरजा पटापट होतात, बँकेला हवा तो कागद पाच मिनिटांत निघतो, लेखापरीक्षणाच्या वेळी रात्र जागवावी लागत नाही. सोय मोठी झाली. पण एक फरकही पडला. वही भिजली तर चार पानं जातात. संगणकाची हार्ड डिस्क बिघडली तर सगळ्या गटांच्या सगळ्या वह्या एका दमात जातात.

त्यात काय जातं ते नीट बघू या. समजा, एका सभासदाने जूनमध्ये कर्जाचे दोन हप्ते एकदम भरले. लिपिकेने संगणकात नोंद केली, पासबुकावर लिहायचं पुढच्या सभेवर राहिलं. जुलैमध्ये वीज गेली-आली, डिस्क बसली. कपाटातल्या पेन ड्राइव्हवर एप्रिलची प्रत सापडली. आता त्या प्रतीत ही बाई थकबाकीदार आहे. ती सभेत सांगणार, मी पैसे भरले. कुणीतरी म्हणणार, मग दाखव कुठे लिहिलंय. पैसे भरूनही तिला खोटं पडावं लागतं, आणि लिपिकेवरही बोट रोखलं जातं. दोघींचीही काही चूक नाही. असा एक दिवस चांगल्या चाललेल्या गटात फूट पाडायला पुरतो.

म्हणून आजचं सांगणं एवढंच: हिशोबाची दुसरी प्रत कुणाच्या आठवणीवर सोडायची नाही. ती संगणकाने स्वतःहून काढली पाहिजे, आणि ती खरंच निघते का हे आपण बघितलं पाहिजे. या दुसऱ्या प्रतीला बॅकअप म्हणतात.

बॅकअपबद्दल विचारलं की दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. पहिलं, "आम्ही पेन ड्राइव्हमध्ये काढून ठेवतो." चांगलं आहे, पण शेवटचं कधी काढलं? मार्चअखेर, लग्नसराई, सुगी, या दिवसांत नोंदी सगळ्यात जास्त होतात आणि नेमकं तेव्हाच प्रत काढायचं राहतं. शिवाय तोच पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो, ई-सेवा केंद्रात जातो आणि येताना व्हायरस घेऊन येतो. दुसरं उत्तर, "आमची एक प्रत डी ड्राइव्हमध्ये आहे." पुष्कळ संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाटच जळालं तर वरचा कप्पा काय आणि खालचा काय!

आता उपाय. आपल्याला दोन आपोआप प्रती हव्यात. एक कार्यालयात, वेगळ्या डिस्कवर. दुसरी गावाबाहेर, इंटरनेटवर. दोन कशाला, ते पुढे कळेल.

त्याआधी एक काम करा. गटाचे सगळे हिशोब एकाच फोल्डरमध्ये आणा. डेस्कटॉपवर एक, डाउनलोड्समध्ये एक, व्हॉट्सॲपवरून आलेलं तिसरीकडे, असं नको. डॉक्युमेंट्स फोल्डर उघडून त्यात 'ग्रामसंघ हिशोब' नावाचा फोल्डर करा, आणि त्यात गटाच्या नावाने एकेक फोल्डर. संगणक सांगितलेल्या जागेचीच प्रत काढतो. बाहेर पडलेली फाईल त्याच्या लेखी नसतेच.

पहिली प्रत डिस्कवर. यासाठी बाहेरून यूएसबीने जोडायची हार्ड डिस्क लागते. एक टीबीची डिस्क तळहाताएवढी असते आणि गटाच्या हिशोबाला पुरून उरते. ती फक्त बॅकअपसाठी ठेवायची. तिच्यावर गाणी नाहीत, लग्नाचे व्हिडिओ नाहीत.

ही प्रत काढणारा प्रोग्राम विंडोजमध्ये आधीपासून आहे. त्याचं नाव फाईल हिस्ट्री. वेगळे पैसे लागत नाहीत. आता पायऱ्या लिहून घ्या.

एक. डिस्क संगणकाला जोडा.

दोन. खाली स्टार्टजवळच्या शोधाच्या चौकटीत 'कंट्रोल पॅनल' लिहा आणि ते उघडा. त्यात 'सिस्टिम अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'फाईल हिस्ट्री'. विंडोज १० आणि ११, दोन्हींत हा रस्ता चालतो.

तीन. जोडलेली डिस्क तिथे दिसेल. 'टर्न ऑन' दाबा.

चार. डाव्या बाजूला 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' आहे, ते उघडा. प्रत किती वेळाने काढायची हे तिथे ठरतं. संगणक आपणहून दर तासाला काढतो. आपण ते दर १० मिनिटांवर आणायचं. खालीच जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या ते विचारलेलं असतं. तिथे 'फॉरएव्हर' असेल तर तसंच राहू द्या, म्हणजे कायम ठेव. 'सेव्ह चेंजेस' दाबा.

झालं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे नेहमीचे फोल्डर त्यात येतातच, म्हणून आपण हिशोबाचा फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये ठेवला. यापुढे तुम्ही एखादी फाईल बदलून सेव्ह केली की दहा मिनिटांच्या आत तिची नवी प्रत डिस्कवर जाईल, आणि जुनीही तिथेच राहील. सकाळी अकराची वेगळी, दुपारी तीनची वेगळी. कुणी चुकून एका गटाची पूर्ण रकाना पुसून सेव्ह केला, तरी कालचा तक्ता मिळतो. मात्र सेव्ह न केलेल्या नोंदीची प्रत निघत नाही. म्हणून नोंद झाली की कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा.

दुसरी प्रत गावाबाहेर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला पूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे घरांत, दुकानांत, कार्यालयांत पाणी शिरलं. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि शेजारच्या कपाटातली डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात असतात. चोरी झाली तरी तेच. आपण घरी दही लावतो. कधी आपलं विरजण संपतं, नासतं. मग शेजारणीकडून वाटीभर आणतो. ती वाटी तिच्या घरी होती म्हणून वाचली. हिशोबाचंही तसंच आहे.

यासाठी गूगल ड्राइव्ह वापरता येतं. पुष्कळ जणींच्या फोनमध्ये ते असतंच. एका खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. संगणकासाठी त्याचा 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' नावाचा प्रोग्राम गूगलच्या साइटवरून मोफत घेता येतो. तो बसवा आणि ग्रामसंघाच्या खात्याने आत जा. उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ त्याचं चिन्ह येईल. त्यावर दाबून दातेरी चाकाच्या खुणेतून 'प्रेफरन्सेस' उघडा, 'ॲड फोल्डर' दाबा, 'ग्रामसंघ हिशोब' निवडा. मग 'सिंक विथ गूगल ड्राइव्ह' या ओळीवर टिकमार्क करून सेव्ह करा. आता इंटरनेट चालू असेल तेव्हा फाईल सेव्ह होताच तिची प्रत लगोलग वर जाते. रेंज गेली तर थांबते, आली की राहिलेलं पुढे पाठवते. हिशोबाच्या फाईली लहान असतात, फोनचं हॉटस्पॉट पुरतं. विंडोजसोबत येणारं वनड्राइव्हही असंच काम करतं. त्यात ५ जीबी फुकट मिळतात.

आता दोन प्रती कशाला, ते सांगतो. इंटरनेटवरची प्रत आपल्या फोल्डरच्या पावलावर पाऊल टाकते. इथे फाईल पुसली की तिथूनही ती जाते. इथे व्हायरसने फाईल बिघडवली की बिघडलेली फाईलच वर पोचते. पुसलेली फाईल गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, नंतर तीही जाते. मार्चमध्ये पुसलेली फाईल जुलैच्या लेखापरीक्षणात आठवली, तर तिथे काही मिळायचं नाही. तिथे डिस्कवरची जुनी प्रत कामाला येते. आणि डिस्क पुरात गेली तर इंटरनेटवरची प्रत कामाला येते. एकीचं जिथे अडतं, तिथे दुसरी उभी राहते.

डिस्क रात्रंदिवस जोडून ठेवू नका. काम सुरू करताना जोडा. संध्याकाळी शेवटचं सेव्ह झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग खालच्या कोपऱ्यातल्या खुणेतून 'इजेक्ट' करून काढा आणि कुलूपबंद कपाटात ठेवा. विजांच्या दिवसांत हे फार गरजेचं आहे. शिवाय एक प्रकारचा व्हायरस फाईलींना कुलूप घालून पैसे मागतो, तो जोडलेल्या डिस्कवरही जातो. काढून ठेवलेल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही.

आता खात्याबद्दल. इथे तंत्रापेक्षा माणसांचा प्रश्न आहे. खातं लिपिकेच्या खासगी ईमेलवर उघडू नका. उद्या तिचं लग्न ठरेल, ती शहरात जाईल, तिचा नंबर बदलेल, आणि सगळ्या गावाचा हिशोब तिच्या जुन्या सिमकार्डात अडकून बसेल. ग्रामसंघाच्या नावाने वेगळं खातं काढा. ओटीपीसाठी ग्रामसंघाचा मोबाइल नंबर द्या. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, त्यावर अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या घेऊन तिजोरीत ठेवा. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदला. कुणाच्या फोनमधले फोटो या खात्यात जाऊ देऊ नका. १५ जीबी जागा ईमेल, फोटो आणि फाईल मिळून असते. ती भरली की हिशोबाची प्रत वर जायची थांबते.

आणि लक्षात ठेवा, या फाईलींत सभासदांची नावं, खाते क्रमांक, आधार, कर्ज सगळं आहे. संगणक दुरुस्तीला देताना बॅकअपची डिस्क सोबत देऊ नका.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच सगळ्यात जास्त राहून जातं. प्रत निघते आहे का, हे दर महिन्याला तपासा. ग्रामसंघाच्या मासिक सभेच्या दिवशी, सगळ्यांसमोर. 'चाचणी' नावाची एक फाईल हिशोबाच्या फोल्डरमध्ये करा, दोन ओळी लिहून सेव्ह करा. अर्ध्या तासाने ती पुसून टाका. आता फाईल हिस्ट्री उघडा आणि डावीकडचं 'रिस्टोर पर्सनल फाईल्स' दाबा. खालच्या बाणांनी मागच्या वेळेवर जा, फाईल निवडा, मधलं गोल बटण दाबा. फाईल परत आली की डिस्कवरची प्रत चालू आहे. मग कुणाच्या तरी फोनवर ग्रामसंघाच्या खात्याने गूगल ड्राइव्ह उघडा आणि हिशोबाच्या फाईलवर आजची तारीख आहे का बघा. तपासून झालं की फोनवरून खातं काढून टाका. या सगळ्याला सभेतली पंधरा मिनिटं लागतात. इतिवृत्तात एक ओळ लिहा: बॅकअप तपासला, फाईल परत आली. तपासणारीची सही घ्या, आणि दर महिन्याला वेगळ्या सभासदाला बसवा. वर्षाला बारा जणींना फाईल परत आणता येईल. लिपिका आजारी पडली तरी गाडं अडणार नाही.

फाईल परत आली नाही, तर लिपिकेला बोलू नका. आज कळलं हे बरं झालं, असं म्हणा आणि त्याच दिवशी दुरुस्त करा. बहुतेकदा डिस्क जोडलेली नसते, जागा भरलेली असते, नाहीतर फाईल भलत्याच फोल्डरमध्ये गेलेली असते.

तुमच्या संगणकात अजून विंडोज १० असेल तर हेही ऐका. १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने त्याचा नेहमीचा मोफत आधार थांबवला. संगणक चालत राहतो, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या पूर्वीसारख्या येत नाहीत. अशा संगणकावर बॅकअपची गरज जास्तच आहे.

कागदाची वही मात्र बंद करू नका. सभासदाच्या पासबुकावर नोंद आणि सही त्याच दिवशी झाली पाहिजे. वही, डिस्क आणि इंटरनेट अशा तीन ठिकाणी एकच आकडा सापडला, की पैसे भरलेल्या बाईला सभेत कुणापुढे शपथ घ्यावी लागत नाही.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला. डिस्क कोण आणणार, खातं कोण उघडणार आणि पहिली चाचणी कोण करणार, ही तीन नावं त्याच दिवशी लिहून टाका.