पासपोर्ट असलेला परका आणि नसलेला
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कॅरिबियन समुद्रात हिस्पॅनिओला नावाचे बेट आहे. बेट एक, देश दोन. पश्चिमेला हैती, पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक. या बेटाच्या राजकारणात सापडलेल्या परक्या माणसांच्या दोन कादंबऱ्यांविषयी आज बोलायचे आहे. एक लिहिली बाहेरून आलेल्या इंग्रजाने, दुसरी हैतीतल्याच एका डॉक्टरने.

पहिली ग्रॅहम ग्रीन यांची ‘द कॉमेडियन्स’. ती १९६६ साली आली. तेव्हा हैतीत फ्रान्स्वा द्युवालिए यांची सत्ता होती. पेशाने डॉक्टर, म्हणून लोक त्यांना ‘पापा डॉक’ म्हणत. १९५७ मध्ये ते निवडून आले आणि १९६४ मध्ये तहहयात अध्यक्ष होऊन बसले. त्यांची खासगी फौज म्हणजे ‘टॉन्टन मॅकूट’. डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात बंदूक. ते माणसाला घरातून उचलून नेत आणि तो पुन्हा दिसत नसे. ज्या देशातल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले, त्याच देशाची ही अवस्था.

अशा देशात एकाच बोटीतून तीन परके उतरतात. ब्राउनचे तिथे हॉटेल आहे, पण गिऱ्हाईक नाही. स्मिथ हे अमेरिकन गृहस्थ १९४८ मध्ये शाकाहाराच्या तत्त्वावर अध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेले. हैतीत शाकाहाराचे केंद्र काढावे, ही त्यांची इच्छा. तिसरा जोन्स. तो स्वतःला मेजर म्हणवतो आणि ब्रह्मदेशच्या जंगलात लढल्याच्या गोष्टी रंगवून सांगतो.

कादंबरीच्या नावाचा अर्थ विनोदवीर असा घेऊ नका. फ्रेंच भाषेत ‘कोमेदियाँ’ म्हणजे नट. ही सगळी सोंगे घेतलेली माणसे आहेत. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. ग्रीन विचारतात, धैर्याचे आणता येते का? जोन्स कधी लढलेलाच नसतो. युद्धात त्याच्याकडे काम होते सैनिकांच्या करमणुकीचे. प्रेयसीच्या संशयाने पेटलेला ब्राउन त्याला फूस लावून बंडखोरांकडे पोचवतो. तिथे मात्र जोन्स पळत नाही. सोबत्यांना निसटता यावे म्हणून तो मागे थांबतो आणि मरतो. सोंग खरे होते ते असे. ब्राउन सीमा ओलांडून डोमिनिकन रिपब्लिकमध्ये जातो आणि प्रेतांची व्यवस्था लावणाऱ्याच्या धंद्यात भागीदार होतो.

स्मिथ निघून जातात, ब्राउनही जातो. कारण जायला वाट आहे. राहतात डॉक्टर माजियो, ते हैतीचेच. धोका ठाऊक असूनही ते रुग्णांना सोडत नाहीत आणि मारले जातात.

पापा डॉकना ही कादंबरी झोंबली. १९६७ च्या चित्रपटातली हैतीची दृश्ये आफ्रिकेतल्या दाहोमी, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये चित्रित करावी लागली. १९६८ मध्ये तर हैतीच्या परराष्ट्र खात्याने ग्रीन यांची निंदा करणारी पुस्तिकाच छापली. लेखकाला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

तरीही एक उणीव उरते. ही गोष्ट परक्याच्या खिडकीतून दिसलेली आहे. खिडकीबाहेरचा माणूस दुसऱ्या कादंबरीत भेटतो.

तिचे लेखक जाक स्तेफाँ अलेक्सी. मेंदूच्या विकारांचे डॉक्टर आणि विचाराने कम्युनिस्ट. त्यांची ‘कोंपेर जेनेराल सोलेय’ ही कादंबरी १९५५ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. नायक इलारिओं हा पोर्त-ओ-प्रॅन्समधला गरीब. पोटासाठी बायकोसह तो सीमेपलीकडे ऊस तोडायला जातो. ऊसतोडीसाठी घरदार सोडणे काय असते, हे आपल्या बीडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. इथे मात्र गाव नव्हे, देशच बदलतो. इलारिओंही परदेशात राहणारा परकाच. फरक एवढाच, की त्याच्या खिशात पासपोर्ट नाही आणि त्याच्यासाठी दार उघडणारा वकिलातीत कोणी नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये डोमिनिकन हुकूमशहा त्रुहियो याच्या आदेशाने हजारो हैतीयनांची कत्तल झाली. अजमोदा या भाजीचा स्पॅनिश शब्द उच्चारायला सांगत आणि जीभ अडखळली की ठार करत, अशी हकीकत सांगतात. इलारिओं जखमी होऊन सीमेवरची नदी ओलांडतो आणि मायदेशाच्या मातीवर प्राण सोडतो. ब्राउनही सीमाच ओलांडतो, पण त्याला पलीकडे नोकरीधंदा मिळतो.

अलेक्सी यांचा शेवटही तसाच झाला. पापा डॉकविरुद्ध लढण्यासाठी १९६१ मध्ये ते गुपचूप मायदेशी परतले, पकडले गेले आणि मारले गेले. कादंबरीतल्या डॉक्टर माजियोंपेक्षा हा खरा डॉक्टर पाच वर्षे आधी गेला.

ही कथा तिथेच संपली नाही. २०१३ मध्ये डोमिनिकन घटना न्यायालयाने एक निकाल दिला. त्याने तिथेच जन्मलेल्या, हैतीयन वंशाच्या हजारो लोकांचे नागरिकत्व धोक्यात आले. ग्रीन यांनी ज्यावरून ब्राउनचे हॉटेल रंगवले, ते पोर्त-ओ-प्रॅन्सचे ओलोफसन हॉटेल २०२५ च्या जुलैमध्ये टोळ्यांच्या हिंसाचारात जळाले.

अलेक्सी यांच्या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९९९ मध्ये झाले आहे. ग्रीन आधी वाचा, मग अलेक्सी. पहिल्या पुस्तकात हैती सोडणारी माणसे भेटतील. दुसऱ्यात ज्यांना जायला जागाच नव्हती, ती.