भिल्लाचा पुरावा



आपल्या जिल्ह्यात कन्नड-सोयगावच्या डोंगरांत भिल्ल पिढ्यान् पिढ्या मध-डिंक गोळा करीत, थोडीबहुत जमीन कसून राहिले. पुढे जंगल सरकारजमा झाले आणि घरचा धनी आपल्याच अंगणात अतिक्रमक ठरला! याला न्याय म्हणावयाचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच हा ऐतिहासिक अन्याय मान्य केला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. दावा ग्रामसभेपुढे मांडावयाचा असतो. पण भिल्लाजवळ कागद कोठला? म्हणून नियमांनी गावातील वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा मानला. मात्र तेवढ्यावर भागत नाही. जोडीस दुसरा पुरावा हवा. तेव्हा शेजारच्या भिल्ल वस्तीतील म्हाताऱ्यांचे जबाब ते हयात आहेत तोवर लिहून घ्या. दावा फेटाळला गेल्यास ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते.