गुडघा आणि पाणी

गेल्या पावसाळ्यांत बेसा येथील राहत्या घराच्या जिन्यावर माझा पाय घसरला आणि उजव्या गुडघ्यांतील अस्थिबंध तुटला. वय ५२, बॅडमिंटनचा नाद २५ वर्षांचा. शस्त्रक्रिया झाली, जखम पुरती भरली, आणि मग डॉक्टरांनीं सांगितलें, "कोर्ट इतक्यांत नको. पोहावयास शिका." मला तो उपदेश शिक्षेसारखा वाटला. ज्या वयांत इतर मुलें कमरेला भोपळा बांधून विहिरींत उतरतात, त्या वयांत मी पाण्यास भिऊन काठावर बसणारा! आतां पन्नाशीनंतर दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेंत, कठड्याला धरून पाय मारीत राहावयाचें, ही कल्पनाच मानी मनुष्यास सहन होण्याजोगी नव्हती.

त्या खिन्न दिवसांत मुरलीकांत पेटकर यांचें चरित्र वाचनांत आलें. सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूरचे हे गृहस्थ लष्करांत होते आणि मुष्टियुद्ध हा त्यांचा खेळ होता. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले. ज्याचें सारें कसब पायांच्या चपळाईवर उभें, त्याच्याच पायांतील बळ गेलें! पोहणें त्यांच्याकडे आलें तें प्रथम उपचार म्हणून. १९६८ सालीं तेल अवीव येथील पॅरालिंपिक सामन्यांत ते टेबल-टेनिस खेळले. आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत ३७.३३ सेकंदांचा जागतिक उच्चांक करून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमध्यें भारताचें तें पहिलें सुवर्ण. सरकारची पद्मश्री मात्र त्यांना २०१८ सालीं मिळाली. या ४६ वर्षांच्या विलंबाबद्दल अधिक न बोललेलें बरें.

माझें दुखणें त्यांच्यापुढें कांहींच नव्हे, हें मी जाणतों. परंतु वाचून लाज वाटली, आणि लाजेनें मला तलावावर नेलें.

पाण्याचा गुण मोठा चमत्कारिक आहे. कमरेइतक्या पाण्यांत उभें राहिलें कीं पायांवर देहाचा सुमारें निम्माच भार येतो, छातीइतक्या पाण्यांत त्याहूनही कमी. जो गुडघा घरांत दोन पायऱ्यांना कुरकुरे, तो तेथें मुकाट्यानें चालूं लागला. मात्र बेडकासारखे पाय फांकवून पोहण्याची रीत मला वर्ज्य होती, कारण त्या झटक्यानें गुडघ्यास पीळ बसतो. पाय जवळजवळ सरळ ठेवून हलकेच मारावयाचे. पहिले पंधरा दिवस नाकातोंडांत पाणी जाई. शेजारचा एक चिमुरडा रोज गंभीरपणें सांगे, "काका, श्वास पाण्यांत सोडा." शिक्षकांनीं हेंच दहा वेळां सांगितलें होतें, उमगलें तें त्याच्या तोंडून.

तीन महिन्यांनीं न थांबतां २५ मीटर अंतर तोडलें. काठावर कोणी टाळी वाजविली नाहीं. माझी पत्नी तेवढी भिंतीवरील घड्याळाकडे पाहत होती, कारण तिला बाजारांत जावयाचें होतें.

रॅकेट अद्यापि खुंटीवर आहे. रविवारचे जुने सोबती विचारतात, "केव्हां येतां?" डॉक्टर अजून होकार देत नाहींत, आणि ती रॅकेट कोणास देऊन टाकण्याचें धैर्य मला होत नाहीं. उद्यां सकाळीं साडेसहाला मात्र तलावावर हजर राहावयाचें आहे. तो चिमुरडा आतां मला उडी मारावयास शिकविणार आहे.