विमानाचं वय किती?

मी कोलकात्याहून बोलतोय.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या दमदम विमानतळावरून एक बोइंग 737 ट्रेलरवर चढवून रस्त्याने बंगळुरूला नेलं. 43 वर्षांचं विमान. आधी इंडियन एअरलाइन्सकडे प्रवासी वाहिले, मग टपाल वाहिलं आणि नंतर 13 वर्षं इथेच उभं राहिलं. ते आपलं आहे, हे एअर इंडियाही विसरून गेली होती. ही बातमी आली आणि सतत विमानाने ये-जा करणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत चर्चा सुरू झाली : आपण ज्यात बसतो ते विमान किती जुनं असतं?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर कॅलेंडरवर मिळत नाही. फौजेत गाडी मोहिमेवर काढताना आम्ही आधी तिचं लॉगबुक बघायचो. धाव किती झाली, शेवटची दुरुस्ती कधी झाली, कोणी केली. विमानाचंही तसंच आहे. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरला जातो, उतरताना तो कमी होतो. पत्रा दर वेळी थोडा ताणला जातो, पुन्हा सैल होतो. म्हणून विमानाचं खरं वय वर्षांइतकंच फेऱ्यांतही मोजावं लागतं.

हा धडा जगाने महागात घेतला. पहिलं प्रवासी जेट म्हणजे कॉमेट. त्याची सेवा 2 मे 1952 ला सुरू झाली. बरोबर एक वर्षाने, 2 मे 1953 ला, दमदमहून उडालेलं कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून हुगळी जिल्ह्यात कोसळलं. 43 जण गेले. 1954 मध्ये आणखी दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तपासात धातूचा थकवा सापडला. त्या दोघांनी दीड हजार फेऱ्याही केल्या नव्हत्या. नवी कोरी विमानं, पण थकलेली.

आता उलट बाजू बघा. 17 जुलै 2000 ला कोलकात्याहून निघालेलं अलायन्स एअरचं 737 पाटण्यात उतरताना वस्तीवर कोसळलं. जमिनीवरच्या पाच जणांसह 60 मृत्यू. विमान 20 वर्षांचं, त्यामुळे देशभर 'म्हातारी विमानं बंद करा' अशी ओरड झाली. चौकशीत काय निघालं? विमान धावपट्टीच्या मानाने जास्त उंचीवर आलं, वेग नको तितका कमी झाला आणि वैमानिकांचा ताबा सुटला.

1993 चा तेव्हाच्या औरंगाबादचा अपघात आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. तेही जुनं 737. धावपट्टीवरून उशिरा उचललं गेलं आणि पलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं. 118 पैकी 55 जण गेले. चौकशीने वैमानिकांच्या चुकीबरोबर, विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखणाऱ्या विमानतळ प्राधिकरणालाही जबाबदार धरलं.

आणि मंगळूर, 22 मे 2010? ते विमान तर अडीच वर्षांचंही नव्हतं. धावपट्टी सुमारे 8,000 फूट, चाकं टेकली 5,200 फुटांवर. विमान पुढच्या दरीत गेलं. 158 मृत्यू. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' असं तीनदा सांगितलं होतं. म्हणजे उतरू नका, वर घ्या, पुन्हा फेरी मारून या. कॅप्टनने ऐकलं नाही.

इथे आपला, प्रवाशांचा, संबंध येतो. कोलकात्यात एप्रिल-मेच्या संध्याकाळी कालबैसाखीचं वादळ उठतं. विमान धावपट्टीजवळ येतं आणि एकदम नाक वर करून निघून जातं. केबिनमध्ये कुजबुज सुरू होते. "पायलट नवशिका दिसतोय." "माझी मीटिंग गेली." उतरताना कोणीतरी हवाई सुंदरीवर आवाज चढवतो. मंडळी, त्या दिवशी वैमानिकाने पुस्तकात लिहिलंय तेच केलेलं असतं. उतरणं जमत नाही हे वेळेवर मान्य करणं हा कमकुवतपणा नव्हे. माघार घेऊन पुन्हा चढाई करणारा अधिकारी फौजेत भित्रा ठरत नाही. माणसं वाया घालवणारा मात्र नालायक ठरतो.

म्हणून विमानाचं वय जरूर विचारा. पण त्याच दमात हेही विचारा : देखभाल कोण करतं, वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळते का, धावपट्टीच्या टोकाला सुरक्षित मोकळी जागा आहे का, आणि परत फिरणाऱ्या वैमानिकाच्या पाठीशी कंपनी उभी राहते का. खासदारांना विचारा, कंपन्यांना लिहा. जुना पत्रा बदलता येतो. उशीर झाला म्हणून वैमानिकावर चिडण्याची सवय मात्र आपली आपणच बदलायची आहे.

पुढच्या वेळी विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तर पट्टा घट्ट करा आणि शांत बसा. पंधरा-वीस मिनिटं उशीर होईल, एवढंच.

जय हिंद.